कंसातली गावे : इटलीच्या तट-सहली, मराठी प्रवासलेखन आणि कर्जत-खालापूर

समुद्रपर्यटनाच्या माहितीपुस्तिकेत बंदरांची यादी एका ठरावीक पद्धतीने छापलेली असते. 'रोम (चिवितावेक्किया)', 'फ्लॉरेन्स व पिसा (लिव्होर्नो)', 'पोर्टोफिनो (जिनोआ)' अशी ही नोंद असते. जहाज प्रत्यक्षात ज्या धक्क्याला लागते ते गाव कंसात असते. कंसाबाहेरचे नाव हे तिकीट ज्या नावावर विकले जाते ते. रोम समुद्रकाठी नाही. चिवितावेक्कियाच्या धक्क्यावरून ते सुमारे ८० किलोमीटर आत आहे. फ्लॉरेन्सही तसेच आत. प्रवासी सकाळी जहाजातून उतरतो, वातानुकूलित बसमध्ये बसतो, रोमला जातो आणि संध्याकाळी परत येतो. ज्या गावाच्या भूमीवर त्याने पहिले पाऊल ठेवले, ते गाव त्याच्या लेखी बसचा थांबा एवढेच उरते. स्तांदालसारखा कादंबरीकार १८३१ पासून चिवितावेक्कियात फ्रान्सचा वकील म्हणून राहिला आणि तिथे कंटाळला, किंवा १९२१ च्या जानेवारीत लिव्होर्नोत इटलीच्या कम्युनिस्ट पक्षाची स्थापना झाली, या गोष्टी कंसाच्या आत कुठेच मावत नाहीत.

हा कंस केवळ छपाईचा प्रश्न नाही. पाहण्याची एक रीत त्यातून व्यक्त होते, आणि जी रीत जाहिरातीत रुळते ती पुढे प्रवासलेखनातही शिरते. मराठीत प्रवासवर्णनाची समीक्षा पुष्कळ झाली आहे. डॉ. वसंत सावंत यांच्या 'प्रवासवर्णन : एक वाङ्मयप्रकार' या ग्रंथाने तिला स्वतंत्र पाया दिला. मात्र लेखकाचे व्यक्तिमत्त्व, निसर्गवर्णन, विनोद, भाषाशैली हे घटक ज्या बारकाईने तपासले गेले, त्या बारकाईने प्रवासाच्या यंत्रणेकडे पाहिले गेले नाही. लेखक कशाने गेला, किती वेळ थांबला, त्याला कोणी नेले आणि परत कोणी आणले, या गोष्टी वर्णनाच्या बाहेरच्या समजल्या गेल्या. प्रत्यक्षात वर्णनाचा साचा त्यांतूनच घडतो. इटलीच्या किनाऱ्यावरील विलासी नौकांच्या तट-सहली हे या दृष्टीने एक उत्तम उदाहरण ठरते. ते इतके दूरचे वाटले, तरी त्याचे धागे मुंबईच्या बॅलार्ड पिअरपर्यंत आणि तिथून बोरघाटाच्या पायथ्यापर्यंत, म्हणजे कर्जत-खालापूरपर्यंत येतात.

सहा तासांचे कथानक

'शोअर एक्सकर्शन' या संज्ञेला मराठीत रूढ शब्द नाही. सहल कंपन्या इंग्रजी शब्दच देवनागरीत छापतात. येथे सोयीसाठी 'तट-सहल' म्हटले आहे. या सहलीची रचना पाहिली तर ती एका बेतीव कथेसारखी असते. आरंभ निश्चित असतो: सकाळी सात-आठच्या सुमारास जहाज लागते. शेवट त्याहून निश्चित असतो: जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी सर्वांनी परत आलेच पाहिजे. जहाजाकडून घेतलेली सहल उशिरा परतली तर जहाज थांबते. स्वतःच्या जबाबदारीवर फिरायला गेलेला प्रवासी उशिरा आला तर जहाज त्याच्यासाठी थांबत नाही. संपूर्ण दिवसभर जो ताण प्रवाशाच्या मनात असतो तो या एका नियमाचा. पॉम्पेईच्या दगडी रस्त्यावर उभे असताना इसवी सन ७९ चा विचार करावा की मनगटावरच्या घड्याळाचा, असा तो पेच आहे. आणि पुस्तिकेने तो आधीच सोडवून ठेवलेला असतो.

या कथेचा निवेदक म्हणजे मार्गदर्शक. त्याच्या हाती उंच धरलेला क्रमांकाचा फलक असतो आणि प्रवाशांच्या छातीवर त्याच क्रमांकाची चिकटपट्टी. सहलींची प्रतवारीही साहित्यसमीक्षकाला गंमत वाटावी अशी असते. चालण्याचे श्रम किती, पायऱ्या किती, यावरून 'सोपी', 'मध्यम', 'कठीण' असे शिक्के मारलेले असतात. ठिकाणाचे वर्गीकरण ठिकाणाच्या स्वभावावरून न होता प्रवाशाच्या गुडघ्यांवरून होते.

विलासी नौकांचा दावा असा की त्या या गर्दीच्या बाहेर आहेत. मोठी जहाजे तीन-चार हजार माणसे एका वेळी उतरवतात. छोट्या नौका दोन-तीनशे. २०२२ मध्ये पाण्यावर आलेल्या 'एव्हरिमा' या नौकेवर २९८ प्रवाशांची सोय आहे. एवढ्या नौकेला पोर्टोफिनो किंवा अमाल्फीच्या लहान बंदरासमोर नांगर टाकता येतो, आणि प्रवासी छोट्या होड्यांतून थेट चौकात उतरतात. येथे कंस गळून पडल्यासारखा वाटतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. परतीची वेळ तीच राहते, निवेदक तोच राहतो. बदलते ते एवढेच की गर्दी दिसत नाही. विलास म्हणजे येथे मुख्यतः इतर प्रवासी न दिसण्याची किंमत. ही किंमत भरणाऱ्याला आपण पर्यटक नसून प्रवासी आहोत असे वाटू लागते, आणि हाच भ्रम मराठी प्रवासलेखनालाही फार प्रिय आहे.

अलीकडच्या मराठी प्रवासवर्णनांतील इटली वाचताना या साच्याची खूण पदोपदी पटते. प्रकरण सकाळच्या न्याहारीने सुरू होते आणि रात्रीच्या जेवणाने संपते. मधल्या भागात इतिहास येतो तो मार्गदर्शकाच्या वाक्यांच्या लयीत. निसर्गाने मुक्तहस्ताने उधळण केलेली असते, डोळ्यांचे पारणे फिटलेले असते, आणि शब्द अपुरे पडलेले असतात. शब्द खरोखरच अपुरे पडले असते तर तक्रार नव्हती. ते अपुरे पडत नाहीत, ते तयार असतात. काप्रीच्या समुद्रासाठी वापरलेली विशेषणे उचलून माथेरानच्या दरीला लावली तर एकही बदलावे लागत नाही, ही त्या गद्याची खरी कसोटी. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'चे (१९६०) टिकून राहणे या संदर्भात समजून घ्यावे लागते. तिथला निवेदक आपण बुजलेले, भारावलेले, थोडेसे हास्यास्पद पर्यटक आहोत हे विसरत नाही. आपल्याकडे पाहणारे कोणी आहे, याचे भान त्या विनोदात आहे. पुढच्या अनेक लेखकांनी विनोद उचलला, भान मात्र मागे राहिले.

थांबा म्हणून इटली

बोटीच्या काळात ही स्थिती नव्हती. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला आणि लगेचच ब्रिंदिसी हे इटलीच्या टाचेजवळचे बंदर मुंबई-लंडन टपालाचे महत्त्वाचे ठिकाण बनले. टपाल व घाईचे प्रवासी ब्रिंदिसीला उतरून आगगाडीने पुढे जात. विसाव्या शतकात लॉइड त्रिएस्तिनो या इटालियन कंपनीच्या बोटींनी मुंबईहून ब्रिंदिसी, नेपल्स, व्हेनिस, जिनोआ ही बंदरे मराठी विद्यार्थ्यांच्या, बॅरिस्टरांच्या आणि डॉक्टरांच्या ओळखीची करून दिली. गोलमेज परिषदेहून परतताना महात्मा गांधी १९३१ च्या डिसेंबरमध्ये 'पिल्स्ना' बोटीने निघाले ते ब्रिंदिसीहूनच. या थांब्यांना कोणी सहल म्हणत नसे. बोटीला कोळसा, पाणी, टपाल हवे असे, म्हणून ती थांबे. किनारा हा प्रवासाच्या गरजेतून भेटत असे, विक्रीच्या यादीतून नव्हे.

पंडिता रमाबाईंचा 'इंग्लंडचा प्रवास' (१८८३) हे पत्ररूप लेखन या काळाच्या आरंभी येते. समुद्रप्रवास हाच त्याचा विषय आहे. बंदरे त्यात गाठायची शिखरे नाहीत. याउलट सावरकरांच्या संदर्भात इटली ही आधी एक कल्पना आहे आणि नंतर भूमी. मॅझिनीच्या आत्मचरित्राचा त्यांनी केलेला मराठी अनुवाद १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. मॅझिनी जिनोआचा, १८७२ मध्ये तिथल्याच स्ताल्येनोच्या दफनभूमीत त्याला पुरले. आजच्या तट-सहलीत जिनोआ कंसात आहे. मॅझिनीचे नाव ज्या मराठी तरुणांच्या एका पिढीने मंत्रासारखे जपले, त्यांची नातवंडे-पतवंडे जिनोआच्या धक्क्यावर उतरतात आणि अर्ध्या दिवसाच्या बसने पोर्टोफिनोला जातात. यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पुस्तिकेने त्यांना सांगितलेच नाही, आणि मराठी प्रवासवर्णनाने सांगायला हवे होते.

१९०७ हे वर्ष येथे विनाकारण लक्षात राहते. त्याच वर्षी चिंतामणराव वैद्यांनी विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी नेरळहून माथेरानला जाणारी छोटी आगगाडी सुरू झाली. गोडसे भटजी पेणजवळच्या वरसईचे, म्हणजे खालापूरच्या शेजारचे. ते १८५७ मध्ये दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांच्या प्रवासाला परतीची वेळ नव्हती. म्हणूनच त्यातले प्रत्येक गाव पूर्ण वाक्यात येते: तिथे कोणी जेवू घातले, कोणी लुटले, कुठे पाणी मिळाले नाही. एकाच जिल्ह्याच्या भूमीतून एकाच वर्षी मराठीतले सर्वांत कंसरहित प्रवासवर्णन पुढे यावे आणि एका दिवसाच्या सहलीची आगगाडीही सुरू व्हावी, हा योगायोगच; पण पुढच्या शंभर वर्षांत यांपैकी दुसऱ्याच वाटेने वर्दळ वाढली.

काप्री आणि चौक

तट-सहलीच्या मजकुरात 'शोध' हा शब्द फार येतो. काप्री बेटावरील निळ्या गुहेचा 'शोध' १८२६ मध्ये ऑगुस्ट कोपिश या जर्मन कवी-चित्रकाराने लावला, असे सर्वत्र सांगितले जाते. कोपिशला तिथे नेणारा आंजेलो फेर्रारो हा स्थानिक कोळी होता आणि बेटावरच्या लोकांना ती गुहा ठाऊकच होती. रोमन काळातही तिचा वापर होत असे. शोध लागला तो युरोपच्या वाचकांपुरता. आजही गुहेच्या तोंडाशी प्रवाशाला लहान होडीत आडवे व्हावे लागते. नावाडी साखळी धरून होडी आत ओढतो. काही मिनिटे आत, की बाहेर. समुद्र खवळलेला असला की गुहा बंद. निळा उजेड सर्वांच्या वर्णनात असतो, साखळी ओढणारे हात क्वचितच.

माथेरानच्या बाबतीत हीच कथा पुन्हा सांगितली जाते. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरान 'शोधले'. ते चढले ते चौक गावाकडून, गावातल्याच माणसाला वाटाड्या म्हणून बरोबर घेऊन. चौक खालापूर तालुक्यात आहे. डोंगरावर ठाकर आणि कातकरी पिढ्यान्पिढ्या वावरत होते; जळण, मध, रानभाज्या यांसाठी त्यांना तो चांगलाच माहीत होता. पण माथेरानच्या पॉइंटांची नावे लुइझा, हार्ट, पॅनोरमा अशी पडली आणि तळ्याला शार्लट हे नाव मिळाले. मॅलेट व कोपिश यांच्यातले साम्य योगायोगाचे नाही. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय मध्यमवर्गाने सौंदर्य पाहण्याची जी रीत घडवली, तिला नेपल्सचे आखात आणि सह्याद्रीचे कडे ही दोन्ही सारखीच उपलब्ध होती. फरक एवढाच की काप्रीच्या कोळ्याचे नाव तरी नोंदीत राहिले. चौकच्या वाटाड्याला बहुतेक वर्णनांत नावही नाही.

श्रमाचे शरीर वर्णनातून वगळणे हा या मजकुराचा स्थायीभाव म्हणता येईल. माथेरानात मोटारींना बंदी आहे. तिथली शांतता हे सर्व पत्रकांचे ठळक वाक्य. त्या शांततेची दुसरी बाजू म्हणजे माणसाने ओढायची रिक्षा. ई-रिक्षांचा प्रयोग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. शतकाहून अधिक काळ माथेरानवर लिहिल्या गेलेल्या मराठी ललित लेखनात लाल मातीची नोंद आढळते. त्या मातीच्या चढावर धापा टाकणाऱ्या माणसाची नोंद त्या मानाने अत्यल्प.

समुद्रावरही हेच. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री 'कोस्ता कॉन्कॉर्दिया' हे जहाज जिल्यो बेटाच्या खडकावर आदळले. बेटाला जवळून 'सलामी' देण्यासाठी ते मार्ग सोडून किनाऱ्याला लगटले होते. म्हणजे त्या रात्री किनारा हा थांबाही नव्हता. जहाजावरून दिसण्याचा आणि जहाजाने दिसण्याचा तो एक खेळ होता. ३२ जण मृत्युमुखी पडले. जिल्योतील रहिवाशांनी चार हजारांहून अधिक माणसांना थंडीच्या रात्री घरांत आणि चर्चमध्ये आसरा दिला. सहलीच्या यादीत नसलेले गाव एका रात्रीपुरते कंसाबाहेर आले. सर्वांत शेवटी, २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये, ज्याचे अवशेष हाती लागले तो जहाजावरचा भारतीय वेटर होता. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरील कितीतरी घरांत असा एखादा 'बोटीवरचा' माणूस असतो. गोव्यात त्याला तारवटी म्हणतात. इटलीचा किनारा मराठी-कोकणी माणसाने सर्वांत जास्त वेळा पाहिला असेल तर तो त्यानेच, आणि तोही बहुधा स्वयंपाकघराच्या किंवा इंजिनखोलीच्या बाजूने. या माणसाचे प्रवासवर्णन मराठीत का नाही, हा प्रश्न आपल्या समीक्षेने गांभीर्याने विचारलेला दिसत नाही.

सह्याद्रीतील पोर्टोफिनो

आतापर्यंत मराठी माणूस इटलीच्या किनाऱ्यावर गेल्याचा विचार झाला. याच काळात इटलीचा किनाराही सह्याद्रीत आला. मुळशी तालुक्यात, मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी लवासा हे डोंगरी शहर उभारण्यात आले. त्याचे दासवे येथील पहिले नगर शैलीच्या दृष्टीने पोर्टोफिनोवर बेतलेले आहे. तिथल्या एका रस्त्याला आणि काही इमारतींना पोर्टोफिनोचेच नाव आहे. पाण्याकाठची पिवळी, केशरी, गुलाबी घरांची ओळ पाहणाऱ्याला क्षणभर लिगुरियाचा भास व्हावा ही अपेक्षा, आणि तो भास होतोही.

पण पोर्टोफिनो म्हणजे काय? लिगुरियाच्या किनाऱ्यावरचे, पाचशेहून कमी वस्तीचे ते मासेमारांचे गाव. प्लिनीच्या काळी त्याला पोर्तुस देल्फिनी म्हणत. डोंगर थेट समुद्रात उतरलेला, त्यामुळे घरे एकमेकांना टेकून उंच झालेली. त्या प्रदेशात भिंतींवर खोट्या खिडक्या, खोट्या नक्षी रंगवण्याची जुनी परंपरा आहे. दगडी नक्षी परवडत नाही म्हणून रंगाने ती दाखवायची, अशी ती काटकसरीची कला. दासवेने या गावातून घेतला तो रंग. बंदर घेणे शक्यच नव्हते, कारण दासवेचे पाणी समुद्राचे नाही, धरणाचे आहे. ते उन्हाळ्यात खाली जाते आणि काठाची माती उघडी पडते. रंगवलेल्या भासाची ही पुन्हा केलेली नक्कल. तीही चार महिने मुसळधार पावसात उभी राहणारी.

वास्तुशास्त्राचे विद्यार्थी याला अनुकरण म्हणतील. साहित्याच्या दृष्टीने ते भाषांतर आहे, आणि वाईट भाषांतराचे सर्व दोष त्यात आहेत. मूळ शब्दाचा नाद आला, पण शब्द ज्या वाक्यात होता ते वाक्य आले नाही. मूळ वाक्यात कोळी होते, जाळी होती. दासवेच्या वाक्यात जे होते ते मात्र पुसले गेले: मोसे खोऱ्यातली गावे, तिथली भातखाचरे, आदिवासींच्या जमिनींचे वाद. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये काम थांबवण्याची नोटीस दिली, पुढच्या वर्षी अटींसह परवानगी मिळाली, आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. याच मुळशीत १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला होता. पाण्याकाठचा एक फलक तेवढी एक ओळ सांगू शकला असता. पण पोर्टोफिनोत मुळशी सत्याग्रह कसा बसणार?

मूळ पोर्टोफिनोची अवस्थाही आता नोंदवण्यासारखी आहे. २०२३ मध्ये तिथल्या नगरपालिकेने धक्क्यावरच्या काही जागी पर्यटकांनी घोळके करून थांबण्यास मनाई केली. छायाचित्रांसाठी रेंगाळणाऱ्यांना दंड ठरवला. व्हेनिसने १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना ज्युदेक्का कालव्यातून जाण्यास बंदी केली आणि २०२४ मध्ये दिवसापुरते येणाऱ्यांना पाच युरो प्रवेशशुल्क लावले. ज्या गावात थांबायलाच बंदी आहे, ते पाहण्यासाठीची सहल: तट-सहलीचे तर्कशास्त्र याहून पुढे जाऊ शकेल असे वाटत नाही.

मुंबईजवळ

कर्जत हे मुळात थांब्याचे गाव आहे. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला, आणि घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने लावायची ती कर्जतला. तेवढ्या मिनिटांत फलाटावर बटाटेवडे विकले जात आले. ब्रिंदिसीला टपाल आणि कोळसा, कर्जतला बँकर इंजिन आणि वडा. या थांब्यात एक प्रामाणिक व्यवहार होता: गाडीला गरज होती म्हणून ती थांबे, आणि गाव त्या गरजेवर चार पैसे मिळवी.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हे चित्र पालटले. फार्महाऊस, रिसॉर्ट, दुसरे घर, धबधब्याची सहल अशा नावांनी तालुक्यांची नव्याने विक्री सुरू झाली. या जाहिरातींचे गद्य तट-सहलीच्या पुस्तिकेशी तंतोतंत जुळते. गावाचे वर्णन त्याच्या अंतरावरून होते: मुंबईपासून दीड तास, पुण्यापासून दोन तास, द्रुतगती महामार्गापासून दहा मिनिटे. गावाला स्वतःचे स्थान नाही, केवळ दुसऱ्या कुठल्या तरी ठिकाणापासूनचे अंतर आहे. 'मुंबई (कर्जत)' असे कोणी छापत नाही, पण अर्थ तोच. रायगड जिल्ह्यातील घारापुरीचेही तसेच. मुंबईच्या बंदरात उतरलेल्या परदेशी जहाजाच्या प्रवाशाला ती 'मुंबईची एलिफंटा' म्हणून दाखवली जाते. १९८७ पासून जागतिक वारसा असलेल्या या बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोरबंदर ही तीन गावे आहेत आणि तिथे वीज पोहोचली ती २०१८ मध्ये. पर्यटक संध्याकाळच्या बोटीने परतत असल्यामुळे अंधार त्याला दिसण्याचा प्रश्न नव्हता. तट-सहलीची वेळ ही अशी सोयीची असते.

अंधारात घडलेली दुसरी घटना खालापूरची. १९ जुलै २०२३ च्या रात्री चौकजवळच्या इरशाळगडाच्या कुशीतील इरशाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले. ५७ जणांचा शोध अखेर थांबवावा लागला. ठाकरांची ही वाडी गिर्यारोहकांच्या परिचयाची होती. इरशाळगडावरच्या असंख्य टिपणांत ती येते, पण कशी? पाणी भरून घेण्याची जागा, चहा-पोह्याची सोय, सुळक्याकडे जाणाऱ्या वाटेचा खुणेचा टप्पा. गड कंसाबाहेर, वाडी कंसात. टिपणे लिहिणारे बहुधा सहृदय लोक होते, अनेकजण दुर्घटनेनंतर मदतीला धावले. तरीही वाडीत किती घरे आहेत, पावसाळ्यात लोक कुठे जातात, वरचा उतार कसा आहे, हे लिहिण्याची आपल्या भ्रमंतीच्या गद्याला सवय नव्हती. लिहिले असते तर दरड टळली असती असा दावा कोणी करणार नाही. पण वाडीची पहिली तपशीलवार वर्णने तिच्या मृत्यूच्या बातम्यांतून यावीत, हे प्रवासलेखनाचे अपयश आहे, आणि ते साहित्यबाह्य म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

लिगुरियातही डोंगर कोसळतात. २५ ऑक्टोबर २०११ च्या पुराने चिंक्वे तेर्रेतील वेर्नाझ्झा व मोंतेरोस्सो ही गावे चिखलात गाडली. तिथल्या द्राक्षमळ्यांचे शेकडो वर्षांचे दगडी बांध दुर्लक्षित राहिल्याने उतार ढिले झाले होते. शेती सोडून माणसे पर्यटनाकडे वळली, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. बांध घालणारा उठून गेला की दृश्यही टिकत नाही. गिरणीच्या किंवा कारखान्याच्या नोकरीपायी ओस पडलेल्या कोकणातल्या वरकस जमिनींकडे पाहताना हे आठवते.

कर्जतपासून काही अंतरावर, राजमाचीच्या पायथ्याशी, कोंडाणे लेणी आहेत. पावसाळ्यात लेण्यांच्या तोंडावरून धबधबा कोसळतो आणि शनिवार-रविवारी तिथे उभे राहायला जागा नसते. सहलीच्या पत्रकांत ठळक असतो तो धबधबा. लेणी त्याची पार्श्वभूमी. चैत्यगृहाच्या दर्शनी भागात, भंगलेल्या एका मूर्तीजवळ, ब्राह्मी लिपीत एक छोटासा लेख आहे. दान कोणी दिले, राजा कोण होता, हे त्यात नाही. कण्ह म्हणजे कृष्ण याचा शिष्य बलक याने हे केले, एवढेच त्यात आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने आपले नाव आणि आपल्या गुरूचे नाव कोरून ठेवले आहे, आणि धबधब्याच्या आतल्या बाजूने छायाचित्र काढणाऱ्यांची रांग त्याच्यापासून फार तर काही पावलांवर असते.